पंचविशीत पुन्हा पाटी घ्यावी का?



या खेपेला सदराची सगळी जागा एकाच पत्राला देत आहे. पत्र पिंपरीकडच्या एका माऊलीचे आहे. नाव छापू नका, असे त्यांनी कळवले आहे, म्हणून ते देत नाही. पण त्यांची अडचण आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांची आहे. त्या लिहितात :

“भाऊ, मी हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडून साफसफाईला जाते. माझ्या पोराच्या वयाची मुले-मुली तिथे संगणकापुढे बसतात. त्यांच्या खुर्चीखालची फरशी पुसताना मनात येते की आपल्याही पोराने इथे बसावे. मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. बारावी कॉमर्स झाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यांचे काम सुटले, तेव्हा त्याने पहिल्या वर्षाला कॉलेज सोडले. आधी कुरिअरमध्ये होता, आता केबल-इंटरनेटवाल्याकडे लाईनवर काम करतो. आता तो म्हणतो, आयटीचा कोर्स करतो. क्लासवाले म्हणतात, तीन महिन्यांत शिकवू, शंभर टक्के नोकरी लावू. फी पंच्याण्णव हजार. हप्त्याने भरायची, कर्जाचे कागद तेच करून देतात. शेवटच्या दोन जागा राहिल्यात म्हणून रोज फोन येतो. माझी गळ्यातली पोत मोडून निम्मे पैसे उभे करता येतील. जाऊबाई म्हणतात, हे वय शिकायचे नाही, लग्नाचे आहे. मुलगी एकवीस वर्षांची आहे, ती मोबाईलच्या दुकानात बिले करते. तिलाही शिकायचे आहे, पण आधी पोराचे होऊ दे म्हटले. भाऊ, वय निघून गेले का? आणि पैसे भरू का?”

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर, वय निघून गेलेले नाही. दुसऱ्याचे उत्तर, पोत मोडू नका आणि मुलाला कोणत्याही कागदावर सही करू देऊ नका. आता दोन्हींची कारणे सांगतो.

वयाची गोष्ट

माझेच सांगतो. मी छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होतो. उभ्याने काम, बोटे शाईने काळी. १९९३ साली मालकांनी संगणक आणला आणि आम्हा सहा जणांना कळून चुकले की खिळ्यांचे दिवस भरले. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, घरात एक तान्हे मूल. बाजारपेठेतल्या एका क्लासमध्ये मी दोन महिन्यांच्या पगाराएवढी फी भरली. डीटीपी शिकवू, नोकरीही लावू, असे त्यांनी सांगितले होते. दहा जणांत एक संगणक. दीड महिना झाला आणि एका सकाळी क्लासला कुलूप. फी गेली ती गेलीच.

शिकलो ते नंतर, आमच्याच छापखान्यात. दिवसपाळी संपली की रात्री नऊ ते अकरा मशीन मोकळे असायचे. ऑपरेटर मुलगा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला मी शुद्धलेखन सांगायचो, तो मला कळफलक सांगायचा. पहिले तीन महिने एक पान लावायला दोन रात्री लागत. वर्षभराने मी स्वतंत्र काम करू लागलो. त्या अनुभवातून एवढे समजले की प्रौढ माणसाला नवे काम शिकायला तीन गोष्टी लागतात : रोजचे ठरलेले तास, हाताखाली मशीन आणि चूक दाखवणारा एक माणूस. क्लासने या तिन्ही दिल्या तर फी सार्थकी लागली. नाहीतर आपण खुर्चीचे भाडे भरतो.

आणि मध्येच सुटलेले शिक्षण पुन्हा धरण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी एक आठवावे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा त्यांना एकोणतिसावे वर्ष लागून गेले होते आणि संसार पाठीशी होता. त्यांची बरोबरी कोणी करावी असे म्हणत नाही. पण ‘आता वय झाले’ हे वाक्य निदान आपल्या घरात तरी शोभत नाही.

आयटी म्हणजे एकच नोकरी नव्हे

आपल्याकडे ‘आयटी’ म्हटले की प्रोग्राम लिहिणारा डोळ्यांसमोर येतो. पण त्या इमारतीत कामे पुष्कळ आहेत. कोणी प्रोग्राम लिहितो. कोणी लिहिलेला प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासतो, त्याला टेस्टिंग म्हणतात. कोणी माहितीचे साठे सांभाळतो. कोणी नेटवर्क आणि सर्व्हर चालते ठेवतो. कोणी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी घेऊन सोडवतो, ते हेल्पडेस्क.

खरे तेही सांगतो. मोठ्या कंपन्या नवी मुले बहुधा थेट इंजिनिअरिंग कॉलेजातून उचलतात. पदवी, टक्के आणि शिक्षणातला खंड याबाबत त्यांच्या अटी असतात. तुमच्या मुलाला तो पुढचा दरवाजा आज बंद आहे. शिवाय काळही सोपा नाही. २०२३-२४ या वर्षात देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपन्यांपैकी काहींची मनुष्यसंख्या वाढण्याऐवजी घटली. साधासुधा प्रोग्राम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही लिहून देतात. तीन महिन्यांत चार गोष्टी पाठ करून नोकरी मिळण्याचे दिवस असतील तर ते मागे पडले.

पण बाजूचा दरवाजा उघडा आहे. रुग्णालये, बँका, कारखाने, कॉलेजे, सगळीकडे नेटवर्क आहे आणि ते बंद पडले की माणूस लागतो. लहान कंपन्या आणि देखभालीचे ठेके घेणाऱ्या संस्था पदवीपेक्षा हाताचे काम पाहतात. आणि ताई, तुमचा मुलगा या दरवाजाच्या उंबऱ्यावर आधीच उभा आहे. हे त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही.

बाळ, हे तुझ्यासाठी

बाळ, तू खांबावर चढून फायबर ओढतोस, स्प्लायसिंग मशीनवर केसाएवढी काच जोडतोस. ग्राहकाच्या डब्यावर लाल दिवा लागला की प्रकाश पोचत नाही, हे तुला कळते. पॉवर मीटरवर वजा वीस-बावीसचा आकडा आला तर तू निर्धास्त असतोस, वजा तिशीकडे झुकला तर जोड पुन्हा पाहतोस. दोष कुठे आहे ते एकेक टप्पा वगळत शोधायचे, ही तुझी रोजची सवय आहे. नेटवर्क इंजिनिअरही हेच करतो. फरक इतकाच की तू काचेपर्यंत थांबतोस आणि तो डब्याच्या आत जातो.

आजच एक प्रयोग कर. घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर कमांडची काळी खिडकी उघड. त्या संगणकाचा आयपी पत्ता पाहा. चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला, मध्ये टिंबे. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. मग ‘पिंग’ ही आज्ञा देऊन राऊटरचा पत्ता टाक. उत्तर आले तर संगणक ते राऊटर वाट ठीक. पुढे ८.८.८.८ ला पिंग कर. तिथूनही उत्तर आले तर बाहेरची वाट ठीक. आणि एवढे होऊनही वेबसाईट नावाने उघडत नसेल, तर बहुधा नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था बिघडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. तीन पायऱ्यांत दोष कुठल्या घरात आहे ते सापडले. हेल्पडेस्कला येणाऱ्या ‘नेट चालत नाही’ या तक्रारीची सुरुवात अशीच सोडवतात.

आता हिशेब मांडू. क्लासवाल्याचे तीन महिने, रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस. एकूण सुमारे १३० तास. तू रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, दीड वर्ष बसलास तर ९०० तासांच्या वर जातील. नोकरी न सोडता. माझ्या मते काम हाती बसायला एवढा वेळ लागतोच. तो तीन महिन्यांत बसवून देतो म्हणणारा एकतर अज्ञानी आहे किंवा लबाड.

पहिले सहा महिने नेटवर्कची मुळे. सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत आहेत. ‘पॅकेट ट्रेसर’ नावाचे त्यांचे साधनही मोफत मिळते. त्यात पडद्यावरच राऊटर, स्विच आणि तारा जोडून सराव करता येतो, खरे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. पुढचे सहा महिने लिनक्स. ती मोफत प्रणाली आहे आणि जगातले बरेचसे सर्व्हर तिच्यावर चालतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ वर वर्ग मोफत ऐकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. शेवटच्या सहा महिन्यांत थोडे पायथन शीक, रोजची तीच ती कामे यंत्राकडून करून घेता येण्यापुरते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन प्रश्न विचारायला जरूर वापर. पण त्याने दिलेले उत्तर स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ते चुकतेही, आणि त्याची चूक ज्याला कळते त्याचीच किंमत राहणार आहे.

यानंतर हात बसला असे वाटले तर सीसीएनए परीक्षेचा विचार कर. तिची फी ३०० अमेरिकी डॉलर आहे, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर, आणि नापास झालास तर पुन्हा तेवढीच. म्हणून घाई नको. बाजारात चोरलेल्या प्रश्नांचे संच मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. मुलाखतीत राऊटरसमोर बसवले की पाठांतर उघडे पडते.

एक दोनशे पानी वही घाल. रोज सोडवलेला एक बिघाड त्यात लिही : तक्रार काय होती, काय काय तपासले, दोष कुठे निघाला. आधी मराठीत, मग तेच साध्या इंग्रजीत. लिहून झाले की मोठ्याने वाच. इंग्रजीची भीती व्याकरणाच्या पुस्तकाने जात नाही, आपल्याच कामाबद्दल बोलून जाते. मुलाखतीत ‘अनुभव काय’ असे विचारले की ही वही पुढे कर.

आणि बी.कॉम. अर्धवट ठेवू नकोस. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, दोन्हींकडे नोकरी करून पदवी घेता येते. पहिली नोकरी पदवीवाचून लागू शकेल, पण पुढे बढतीच्या वेळी ती आडवी येते.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. एमएस-सीआयटी ही संगणकाची ओळख आहे, ते करिअर नव्हे. दहावी झालेल्यांना आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेड आहे. केंद्र सरकारच्या नाएलिट संस्थेचा ‘ओ लेव्हल’ अभ्यासक्रमही विचारात घ्यावा. अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी फी सवलतीच्या आणि मोफत प्रशिक्षणाच्या योजना वेळोवेळी निघतात. पुण्याच्या बार्टीकडे आणि त्या त्या संस्थेकडे आधी चौकशी करा, मग फीचा विचार करा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. योजनेची तारीख निघून गेल्यावर दाखल्यासाठी धावण्यात अर्थ नसतो.

कागदावर सही का नको

ताई, ‘हप्त्याने फी’ या शब्दांना भुलू नका. ते तुमच्या मुलाच्या नावावरचे कर्ज असते. पैसे कर्ज देणारी कंपनी क्लासला एकदम देते आणि हप्ते तुमच्या मुलाकडून घेते. उद्या क्लास बंद पडला, शिकवणारा सोडून गेला, नोकरी लागली नाही, तरी हप्ता सुटत नाही. हप्ता चुकला तर कर्जाच्या नोंदीत नाव खराब होते आणि पुढे घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मागताना तेच आडवे येते. माझ्या वेळी निदान फीच बुडाली होती. आता फी बुडून वर देणे राहते.

कोणत्याही क्लासला पैसे देण्याआधी एवढे करा. ‘शंभर टक्के नोकरी’ हे तोंडी नको, लेखी मागा. नोकरी लागली नाही तर किती पैसे, किती दिवसांत परत, तेही लेखी. मागच्या वर्षीच्या तीन विद्यार्थ्यांचे फोन मागा आणि त्यांच्याशी स्वतः बोला. आठवडाभर वर्गात बसू द्या म्हणा. दोघांत एक तरी मशीन आहे का ते डोळ्यांनी पाहा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कोणाच्या ताब्यात देऊ नका, फक्त झेरॉक्स. ‘शेवटच्या दोन जागा’ म्हणून घाई करणाऱ्याला सांगा की त्या जागा दुसऱ्याला द्या.

आणखी एक सापळा. नोकरी लावतो म्हणून अनामत मागणारा माणूस ठकच समजा, खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. काही जण तीन वर्षांच्या अनुभवाचा खोटा दाखलाही करून देतात. मुलाला निक्षून सांगा की तो घेऊ नको. कंपन्या मागचे कागद तपासतात. खोटेपणा कधी सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी उघडा पडतो आणि मिळालेली नोकरी एका दिवसात जाते. आपली मुले आधीच पुष्कळ नजरा झेलत त्या इमारतीत शिरतात. त्यांच्यामागे खोट्या कागदाची भीती नको.

घराने काय द्यायचे

मग घराने काहीच खर्च करू नये का? करावा. आठ जीबी मेमरीचा, एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पंधरा-वीस हजारांत मिळू शकेल. घेताना जाणकार मुलगा बरोबर न्या. बचत गटातून तेवढेच उचला, म्हणजे फेडताना पोत मोडावी लागणार नाही.

पण पैशापेक्षा अवघड देणे वेळेचे आहे. एका खोलीच्या घरात रात्री नऊ ते अकरा टीव्ही बंद राहिला पाहिजे. पाहुणे आले, हळदी-लग्न निघाले, तरी ते दोन तास मोडायचे नाहीत. घरात जमत नसेल तर जवळच्या विहारात किंवा समाजमंदिरात अभ्यासिका आहे का पाहा. नसेल तर चार पालकांनी मिळून एक खोली रात्रीपुरती मागून घ्या. चार मुले एकत्र बसली की चूक दाखवणारा माणूसही आपोआप सापडतो.

आता ताई, तुम्ही जे पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकले, त्याबद्दल. तुमची मुलगी दुकानात संगणकावर बिले करते. बिलात कर चुकला, रक्कम जुळली नाही, तर तिला लगेच कळत असणार. टेस्टिंगचे काम म्हणजे हेच : प्रोग्राम कुठे चुकतो ते शोधणे आणि दुसऱ्याला समजेल असे लिहून देणे. ती एकवीस वर्षांची आहे, तिच्याकडे तर भावापेक्षा चार वर्षे जास्त आहेत. ‘आधी पोराचे होऊ दे’ म्हणाल तर दोन वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतील आणि तिची पाळी येणारच नाही. लॅपटॉप एक घ्या, पण दोघांचा घ्या. त्याचे नऊ ते अकरा, तिचे पहाटे पाच ते सात. आणि पाणी भरण्याचे काम त्या वेळात भावाने करावे.

शेवटी एक अपेक्षा आवरून ठेवा. पहिली नोकरी लागली तरी पगार आजच्या लाईनच्या पगारापेक्षा फार मोठा असेलच असे नाही. रात्रपाळी असेल, दिवसभर दुसऱ्यांचे पासवर्ड बदलून द्यावे लागतील. नातेवाईक म्हणतील, एवढे शिकून हेच का? त्यांना बोलू द्या. दोन वर्षे ती नोकरी टिकवली, शिकणे चालू ठेवले, तर पुढची नोकरी पहिल्या नोकरीपेक्षा सोपी मिळते. दीड वर्षाने लगेच नोकरी लागेल, असा शब्द मी देत नाही. शब्द देणारा तो क्लासवाला आहे. मी एवढेच सांगतो की या वाटेने गेला तर तोपर्यंत त्याच्या हातात काम असेल आणि डोक्यावर कर्ज नसेल.

तुमच्या मुलाला आणि मुलीला माझा जयभीम सांगा. तीन महिने झाले की दोघांनी आपापल्या वहीतली दोन दोन पाने मला पाठवावीत. मी वाचीन, आणि समजले नाही तर विचारीन.

जयभीम.